दोन धातूंची एक डिस्क : घाट उतरणाऱ्या गाडीच्या ब्रेकचं एक प्रकरण

तक्रार एका ओळीची होती : “घाट उतरून खाली आलं की ब्रेक मारल्यावर स्टिअरिंग थरथरतं.” गाडी सात आसनी, पूर्ण भरल्यावर २,४०० किलो, बहुतेक टुरिस्ट परवान्यावर चालणारी. गाडी बनवणाऱ्या कंपनीने तक्रारींची यादी आमच्याकडे पाठवली. पुढच्या चाकांच्या डिस्क, म्हणजे ब्रेक मारल्यावर पॅड ज्यांना दोन्ही बाजूंनी चिमटतात त्या चकत्या, आम्ही पुरवत होतो. कुणाचंच नाव इथे घेत नाही आणि आकडे थोडे गोल केले आहेत, पण पुढचा हिशोब वही-पेन्सिल घेऊन कुणालाही पुन्हा मांडून बघता येईल.

यादी वाचताना एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरली. सोलापूर, लातूर, परभणीकडून एकही तक्रार नव्हती. होत्या त्या सातारा, रायगड, रत्नागिरीच्या. म्हणजे डिस्क सरसकट खराब नव्हत्या, त्यांचं घाटाशी काहीतरी बिनसत होतं.

आम्ही दोघे जण एका टुरिस्ट गाडीत बसून महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलो. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर, पोलादपूर खाली सावित्रीच्या काठाला, मधे जेमतेम ४० किलोमीटर रस्ता. गाडी भरलेली, टपावर बॅगा. प्रतापगडाचा फाटा मागे पडला आणि चालकाने गिअर काढून घेतला. मी बघतोय हे त्याच्या लक्षात आलं. “साहेब, उतारावर न्यूट्रल मारली की डिझेल वाचतं.” खरं तर आजच्या इंजेक्शनच्या इंजिनात गाडी गिअरमध्ये ठेवून उतरलं तर इंधन पूर्ण बंद होतं, न्यूट्रलमध्येच इंजिन चालू ठेवायला थोडं जळत राहतं. पण हे त्याला सांगून घाट सपाट होणार नव्हता. डिझाइन करणाऱ्याने चालक जसा आहे तसाच धरायचा असतो.

खाली चहाच्या टपरीपाशी थांबलो तेव्हा पुढच्या चाकांतून तो ओळखीचा जळकट वास येत होता, पॅडमधलं रेझिन तापल्याचा. चाकाच्या फटीतून टॉर्च मारला. डिस्कच्या चकचकीत पट्टीवर बाहेरच्या कडेला निळसर झाक, आतल्या कडेला मात्र स्वच्छ करडा रंग. पुढे मुंबई-गोवा महामार्गावर ८०च्या वेगाला ब्रेक दाबला आणि स्टिअरिंग हातात बारीक थरथरलं.

गॅरेजमध्ये याला ‘डिस्क वाकडी झाली’ म्हणतात आणि लेथवर फेस मारून, म्हणजे पृष्ठभाग कातून देतात. महिनाभर बरं वाटतं, मग पुन्हा तेच, कारण फेस मारलेली डिस्क आणखी पातळ झालेली असते आणि पातळ डिस्क आणखी लवकर तापते. किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती वाचण्याची तसदी फारसं कुणी घेत नाही. आणि बहुतेक वेळा डिस्क वाकलेलीही नसते. आम्ही उतरवून आणलेल्या डिस्कचा रनआउट, म्हणजे फिरताना ती किती डुलते ते माप, थंड असताना ०.०४ मिमी भरला, म्हणजे ठीकच. पण कडेने बारा ठिकाणी मायक्रोमीटर लावला तर सर्वांत जाड आणि सर्वांत पातळ जागेत २४ मायक्रॉनचा फरक निघाला. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका फरक, पण चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात पॅड तेवढा आत-बाहेर ढकलला जातो, कॅलिपरमधला, म्हणजे पॅड दाबणाऱ्या चिमट्यातला, दाब वर-खाली होतो आणि ते हातापर्यंत पोचतं. १०-१५ मायक्रॉनपासूनच माणसाला हे जाणवायला लागतं.

घाट किती उष्णता देतो

डिस्क होती अशी : बाहेरचा व्यास ३०० मिमी, जाडी २८ मिमी, आतून पोकळ. दोन्ही बाजूंचे गाल साडेआठ-साडेआठ मिमीचे, मधे ११ मिमीची फट, फटीत सरळ पाती. सगळी एकाच ओतकामातली, बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची. घासली जाणारी रिंग भरते ६.३ किलो, आणि मधली टोपी, जिला आम्ही हॅट म्हणतो, ती २.१ किलो.

आधी महामार्गाचा हिशोब. १२० किलोमीटर वेगावरून गाडी थांबवली तर १.३३ मेगाज्युल ऊर्जा उष्णतेत जाते. पुढच्या धुरीचा वाटा ७० टक्के धरला तर एका डिस्कच्या वाट्याला ०.४७ मेगाज्युल. बीड साधारण अर्धा किलोज्युल घेऊन किलोमागे एक अंश चढतं, म्हणजे रिंग एका झटक्यात दीडशे अंशांनी वर जाते. यात भिण्यासारखं काही नाही, पुढच्या काही किलोमीटरांत ती निवते.

आता घाट. ६ टक्के उताराचा ८ किलोमीटरचा तुकडा, वेग ताशी ३६, गिअर न्यूट्रल. टायरची घर्षणं वजा करून ब्रेकना सतत ११ किलोवॅटच्या वर शक्ती गिळावी लागते. अशा हलक्या ब्रेकिंगला पुढचा वाटा ६५ टक्के धरला तर एका डिस्कवर ३.७ किलोवॅट, म्हणजे घरातले जवळपास दोन गीझर एका बिडाच्या कड्यावर १३ मिनिटं चालू. वारा अजिबात लागला नाही असं समजलं तर रिंगचं तापमान ९०० अंशांहून जास्त चढलं पाहिजे. प्रत्यक्षात तसं होत नाही, कारण बरीच उष्णता बाहेर पडते. तापमान मोजणाऱ्या आमच्या थर्मोकपलने ४८० दाखवले.

इथे पोकळ डिस्कची एक गोम आहे. मधली पाती म्हणजे एक पंखाच असतो : आतल्या कडेने हवा ओढायची, बाहेरच्या कडेने फेकायची. पण हा पंखा चाकाच्या वेगाने फिरतो. १२० च्या वेगाला मिनिटाला ९०० फेरे, घाटात ३६ च्या वेगाला फक्त २७०. हवा फेकण्याची ताकद जवळपास फेऱ्यांच्या प्रमाणात घटते. म्हणजे घाटात, जेव्हा वाऱ्याची सर्वांत जास्त गरज, तेव्हाच पंखा डुलक्या घेत असतो. कॅटलॉगमधली वायुवीजनाची सुंदर चित्रं महामार्गाची असतात. घाटात डिस्कला आधार दोनच गोष्टींचा : स्वतःच्या पोटात किती उष्णता मावते, आणि तापल्यावर किती उष्णता किरणांनी बाहेर जाते.

छत्री

४८० अंश बिडाला सोसतात. थरथर तापमानाची नव्हती, आकाराची होती.

हॅट रिंगला जोडलेली असते ती एकाच गालाच्या आतल्या कडेला. दुसरा गाल मोकळा. रिंग तापते आणि फुगते. हॅट मात्र हबला, म्हणजे चाकाच्या मध्यभागाला, चिकटलेली, तिचा हबकडचा भाग शंभर-सव्वाशे अंशांवरच असतो, ती रिंगला धरून ठेवते. एक गाल धरलेला आणि एक सुटा, मग सपाट रिंग हळूहळू छत्रीसारखी तिरकी होते. बेंचवर तापवून बाहेरच्या कडेला डायल गेज लावला तर काटा पाव मिलिमीटरच्या आसपास सरकला. तिरक्या डिस्कवर पॅड सपाट बसत नाही. एका बाजूला बाहेरची कड दाबतो, दुसऱ्या बाजूला आतली. निळसर पट्टी तिथून आली होती. त्या पट्टीत तापमान सरासरीपेक्षा कितीतरी वर जातं, काही ठिपक्यांत बिडाची घडणच बदलून कठीण होते, मऊ भाग झिजतो, कठीण ठिपका उरतो, आणि मग मायक्रोमीटरवर २४.

ग्राहकाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, “मग दोन तुकड्यांची करा ना, अ‍ॅल्युमिनियमची हॅट घाला. वजनही कमी होईल.” सगळ्यांनी माना डोलावल्या. वजनाचं मी त्याच संध्याकाळी मोजलं. अ‍ॅल्युमिनियम बिडापेक्षा पावणेतीन पट हलकं खरं, पण तेवढ्याच ताकदीसाठी हॅटची जाडी ७ वरून १० मिमीवर न्यावी लागते, वर जोडाचं पोलाद. सगळं धरून एका चाकामागे वाचतात साधारण ६५० ग्रॅम. वाईट नाही, पण एवढ्यासाठी कुणी दुप्पट-अडीचपट पैसे मोजणार नाही. दोन धातूंची डिस्क करायची तर कारण वेगळं हवं. ते होतं : रिंगला मोकळेपणी फुगू देणं.

कोणते दोन

पूर्ण डिस्कच हलक्या पदार्थाची का नको, हा प्रश्न आलाच. १९९६ सालच्या लोटस एलिसला सिलिकॉन कार्बाइडचे कण मिसळलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या डिस्क होत्या. ती गाडी होती सव्वासातशे किलोची. त्या मिश्रणातलं अ‍ॅल्युमिनियम साडेपाचशे अंशांच्या आसपास वितळायला लागतं, म्हणजे कामासाठी साडेचारशेच्या खालीच राहावं लागतं. आमचा घाट ४८० दाखवत होता. विषय तिथेच संपला. शिवाय चाकाच्या रिमच्या आत जागा ठरलेली असते आणि तेवढ्याच जागेत अ‍ॅल्युमिनियममध्ये बिडाच्या दोन-तृतीयांशच उष्णता मावते. डिस्कच्या बाबतीत किलोपेक्षा घनसेंटिमीटर महत्त्वाचा, हे वजनाच्या गप्पा मारणारे विसरतात. कार्बन-सिरॅमिकचं नाव कुणी काढलंच नाही. पोर्शेने २००१ मध्ये ती ९११ जीटी२ वर दिली. टुरिस्ट टॅक्सीला नाही.

म्हणून घासायला बीड आणि धरायला अ‍ॅल्युमिनियम. इथे एक फायदा असा निघाला जो मी आधी धरला नव्हता. एकाच ओतकामाच्या डिस्कमध्ये बिडाला दोन कामं असतात : उष्णता वाहून नेणं आणि हॅटच्या मानेतून ब्रेकचा पीळ सोसणं. पहिल्या कामाला कार्बन जास्त हवा, कारण बिडातल्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांतून उष्णता पळते आणि आवाजही तिथेच मरतो. दुसऱ्या कामाला तेच पापुद्रे नकोसे, कारण तडा तिथूनच जातो. हॅट वेगळी झाल्यावर रिंगचं दुसरं काम जवळपास संपलं. मग आम्ही बिनधास्त ३.७ टक्के कार्बनचं, कमी ताकदीचं बीड घेतलं. आधीच्या डिस्कला ते वापरायची छाती झाली नसती.

तोटाही होता. जुन्या डिस्कमध्ये २.१ किलोची बिडाची हॅट थोडी उष्णता स्वतः पीत होती. आता तो आसरा गेला, रिंग थोडी जास्तच तापणार. हबच्या बेअरिंगमधल्या ग्रीसला मात्र सुटका मिळाली, कारण दोन धातूंच्या जोडातून उष्णता नाखुशीनेच जाते.

फटीतली सरळ पाती काढून तिथे छोटे खांब घातले. वक्र पाती जास्त हवा फेकतात हे खरं, पण त्यांना डावी-उजवी बाजू असते. पाती फिरण्याच्या दिशेच्या उलट, मागे झुकलेली हवीत. गॅरेजमध्ये डाव्या-उजव्या डिस्कची अदलाबदल होणार हे मी लिहून द्यायला तयार होतो. खांबांना दिशा नाही. २७० फेऱ्यांवर तसाही कुठला पंखा फार कामाचा नव्हता, मग तिथे हवेला घासायला पृष्ठभाग जास्त मिळालेला बरा. शिवाय खांब गालांना सगळीकडून सारखा टेकू देतात.

पहिला जोड : नटबोल्ट

पहिला नमुना मला आज आठवला तरी लाज वाटते. रिंगच्या आतल्या कडेला दहा कान, प्रत्येक कानात ८ मिमीचा बोल्ट, भोकं घट्ट मापाची, हॅटला आवळून बसवलेली. चित्रात देखणं दिसत होतं. दोन धातू एकत्र आले की काम झालं, असं मनात कुठेतरी होतं.

हिशोब असा : जोड केंद्रापासून ९० मिमीवर. रिंग ५०० अंशांवर गेली की तिथली त्रिज्या अर्ध्या मिलिमीटरने वाढते. हॅट दीडशेवर असेल तर ती वाढते पाव मिलिमीटरच्या जरा कमी. अ‍ॅल्युमिनियम अंशामागे बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, पण ते एवढं तापतच नाही. फरक उरतो पाव मिलिमीटरहून थोडा जास्त. बैलगाडीच्या चाकावर धाव चढवताना लोहार नेमका हाच फरक वापरतो : लोखंड तापवून मोठं करायचं, लाकडावर बसवायचं, पाणी ओतायचं, की ते आक्रसून कायमचं धरतं. आमच्या नमुन्यात तोच खेळ प्रत्येक घाटात उलटसुलट होत होता आणि बोल्ट मधे सापडले होते.

डायनॅमोमीटरवर, म्हणजे कारखान्यातच ब्रेक तपासण्याच्या यंत्रावर, घाटाचे सहा फेरे घेतले. रिंग पुन्हा छत्री झाली, जुन्या डिस्कपेक्षा थोडीच कमी. चार बोल्टांचा आवळ निम्म्यावर आला होता. हॅट सोडवून भोकं पाहिली तर ती गोल राहिली नव्हती, त्रिज्येच्या दिशेने अंड्यासारखी लांबट झाली होती. दहाही भोकं त्याच दिशेने. ते भोकांचं कोंडाळं समोर ठेवून मी बराच वेळ बसलो. जोडाला काय हवं होतं ते त्याने स्वतःच कोरून दाखवलं होतं.

दुसरा जोड : आरे

हॅटमध्ये भोकांऐवजी त्रिज्येच्या दिशेने लांब खाचा घेतल्या. रिंगच्या कानात १२ मिमी जाड पोलादी बॉबिन, म्हणजे खुंटी, जो हॅटच्या खाचेत सरकू शकतो. मोठ्या मोटरसायकलींच्या पुढच्या डिस्कवर गोल बटनं दिसतात ना, त्याच घराण्यातला हा जोड. बीएमडब्ल्यूसारख्या कंपन्या मोटारींतही बिडाची रिंग आणि अ‍ॅल्युमिनियमची हॅट पिनांनी जोडतात. आम्ही नवा शोध लावत नव्हतो.

पण पहिल्यांदा ऐकणाऱ्याला एक शंका येतेच. रिंग जर दहाही ठिकाणी सरकू शकते, तर ती मध्यावर कशी राहणार? बैठकीतही हाच प्रश्न आला. मी बैलगाडीचं चाकच काढून दाखवलं. प्रत्येक खाच म्हणजे एक आरा. रिंग आऱ्याच्या दिशेने सरकू शकते, आडवी नाही. आता तिला समजा उजवीकडे ढकललं, तर उजव्या आणि डाव्या आऱ्यांना चालेल, पण वरचे आणि खालचे आरे तिला आडवं येतील. एकाच वेळी सगळ्या आऱ्यांवरून सारखं बाहेर जाणं, म्हणजे नुसतं फुगणं, एवढंच तिला मोकळं आहे. खरं तर यासाठी तीन खाचा पुरतात. दहा घेतल्या त्या पीळ वाटून घ्यायला.

पिळाचा आकडा छोटा नाही. जोरात ब्रेक दाबला की पुढच्या एका चाकावर साधारण २,८०० न्यूटन-मीटर येतो, ९० मिमी त्रिज्येवर ते ३१ किलोन्यूटन होतात. दहा बॉबिनांनी सारखा वाटला तर प्रत्येकी तीन टनांच्या दहाव्या भागाइतका. पण मशिनिंगच्या मापांत फरक असतो, सुरुवातीला तीन-चारच बॉबिन टेकतात. चारच टेकले असं धरून खाचेच्या भिंतीवर ८० मेगापास्कलचा दाब येत होता. थंड अ‍ॅल्युमिनियमला हे काहीच नाही, २०० अंशांच्या वर बराच वेळ राहिलेल्या अ‍ॅल्युमिनियमला नक्कीच आहे, कारण उष्णतेची प्रक्रिया देऊन मिळवलेली ताकद तिथे हळूहळू विरून जाते. म्हणून हॅट ओतीव न घेता बारमधून कातून घेतली आणि बॉबिनभोवती आडवा प्ले, म्हणजे हलायला मोकळी जागा, फक्त ०.०५ मिमी ठेवला. प्ले जास्त झाला की प्रत्येक ब्रेकला बॉबिन भिंतीवर हातोडीसारखा आपटतो.

कानांनी मात्र आम्हाला एक धडा दिला. रिंगच्या आतल्या कडेला हवा शिरते, आणि तिथेच आम्ही दहा कान उभे केले होते. खांबांची आतली ओळ ३७ ची होती, जुने लोक विषम आणि शक्यतो अविभाज्य आकडा घेतात, आवाज घुमू नये म्हणून. ३७ आणि १० चा मेळ बसत नव्हता. काही कान खांबासमोर, काही नेमके दोन खांबांच्या फटीसमोर. डायनॅमोमीटरच्या थर्मल कॅमेऱ्यात फिरत्या रिंगवर असमान ठिपके दिसले. आतली ओळ ३० ची केली, प्रत्येक कान एका खांबासमोर आला, ठिपके विरळ झाले. अविभाज्य आकड्याचा नियम बाहेरच्या ओळींत पाळला आणि मनाचं समाधान करून घेतलं.

कोल्हापूरची फेरी

रिंगा कोल्हापूरच्या बाजूच्या एका फाउंड्रीत ओतून घेतल्या. पहिल्या लॉटमधली रिंग हॅटवर मोकळी सरकत असूनही तापल्यावर थोडी तिरकी होत होती. हॅट धरत नाही, मग कोण वाकवतंय? बँडसॉवर रिंग आडवी कापली आणि व्हर्नियर लावला. एक गाल ९.१, दुसरा ७.९. मधली फट बनवणारी वाळूची कोअर साच्यात अर्ध्या मिलिमीटरहून जास्त सरकली होती. पातळ गाल लवकर तापतो, जाड मागे राहतो, आणि रिंग स्वतःच स्वतःला वाकवते.

फोरमनना तो काप दाखवला. त्यांनी चष्मा वर सरकवला, दोन्ही गालांवरून अंगठा फिरवला. “कोअर हलली न्हाई साहेब, तरंगली. खांबांची कोअर जड दिसती, पर धातू आला की वर उचलती.” बरोबर होतं. वितळलेल्या बिडापेक्षा वाळू हलकी, ती बुडालेल्या लाकडासारखी वर यायला बघते. साच्यातली कोअरची बैठक लांब केली, वरून पकडायला जागा दिली. पुढच्या लॉटमध्ये फरक ०.३ च्या आत आला. दुकानात डिस्कच्या बाहेरच्या कडेला जो छोटा कातलेला तुकडा दिसतो तो तोल साधायला काढलेला असतो. तो तुकडा नेहमीपेक्षा मोठा दिसला तर आत कोअर सरकली असावी, अशी शंका मला तेव्हापासून येते.

पावसाळा

घाटाची चाचणी सुरेख पार पडली. गरम रिंग सपाट, पॅडचा ठसा सगळीकडे सारखा, जाडीतला फरक सहा मायक्रॉन. एक कुरबुर होती : खराब रस्त्यावर बॉबिन खडखडत. त्यांच्यामागे लाटेसारखे वाकवलेले स्प्रिंगचे वॉशर घातले. स्प्रिंग किती कडक हवी यावर आठवडाभर वाद झाला. शेवटी मापदंड ठरला तो असा : रिंग हाताने ढकलून हलू नये, रबरी हातोडीची टिचकी दिली की हलावी.

मग एक गाडी रत्नागिरीच्या बाजूला पावसाळाभर चालवली. ऑक्टोबरात परत आली तेव्हा टिचकी काय, हातोडीने चांगला ठोका दिला तरी रिंग हलेना. दहापैकी चार बॉबिन खाचेत धरले होते. भोवती पांढरी भुकटी, अ‍ॅल्युमिनियमची, आणि तिच्यात मिसळलेला तांबूस गंज. खारी हवा, पाणी आणि एकमेकांना टेकलेले दोन वेगळे धातू, म्हणजे छोटी बॅटरीच. तिच्यात अ‍ॅल्युमिनियम स्वतःला खात बसतं. चार बॉबिन धरल्यावर डिस्क पुन्हा पहिल्या नमुन्यासारखी, नटबोल्टांची झाली होती. फरक इतकाच की हे काम आम्ही केलं नव्हतं, कोकणाने केलं होतं.

हॅटला जाड अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे विजेच्या प्रक्रियेने अ‍ॅल्युमिनियमवर वाढवलेला ऑक्साइडचा थर, द्यायचं ठरलं. तो थर वीज जाऊ देत नाही, मग बॅटरी बनतच नाही. ५० मायक्रॉनचा थर मागवला. माल आला आणि जोडणीच्या टेबलावरून फोन आला, “साहेब, बॉबिन आत जाईना.” अ‍ॅनोडायझिंगचा थर निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर वाढतो. खाचेच्या दोन्ही भिंतींवर २५-२५ मायक्रॉन वाढले, म्हणजे बरोबर ०.०५ मिमी. माझा सगळा प्ले थराने खाऊन टाकला होता. चित्रावर खाचेचं माप ‘थर दिल्यानंतरचं’ असं लिहायचं मी विसरलो होतो. सगळ्या हॅट परत गेल्या. बॉबिनसुद्धा बदलले, स्टेनलेसचे घेतले. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियमचं जमत नाही हे खरं, पण बॉबिन इवलासा आणि हॅट मोठी, त्यामुळे उरलासुरला गंज मोठ्या अंगावर पसरतो, एका जागी खोल जात नाही. उलट असतं, छोटं अ‍ॅल्युमिनियम आणि मोठं स्टेनलेस, तर काही महिन्यांत भोक पडलं असतं.

पुढच्या पावसाळ्यात तीच गाडी त्याच रस्त्यावर गेली. या वेळी ऑक्टोबरात एकही बॉबिन धरलेला नव्हता, दोन जड सरकत होते.

किमतीच्या बैठकीत व्हायचं तेच झालं. साध्या गाडीला एकाच ओतकामाची डिस्क राहिली, फक्त हॅटच्या मानेपाशी एक खाच घेतली आणि हॅट दुसऱ्या गालाला जोडली, त्याने छत्री निम्म्याने कमी झाली. दोन धातूंची डिस्क फक्त जास्त वजनाच्या मॉडेलला मिळाली. मला वाईट वाटलं नाही. खाचेवाली डिस्क सोलापूरला उत्तम होती, आणि साताऱ्याला पुरेशी.

दोन धातूंच्या डिस्कच्या चित्रावर शेवटची दुरुस्ती जी झाली ती मापाची नव्हती. सर्व्हिसच्या वहीत जायची एक ओळ होती : दर पावसाळ्यानंतर चाक काढा, रिंगला रबरी हातोडीने टिचकी द्या, हलली नाही तर बॉबिन काढून साफ करा, ग्रीस लावू नका. ‘ग्रीस लावू नका’ हे शब्द मी मागाहून ठळक करून घेतले. पहिल्याच महिन्यात एका गॅरेजने बॉबिनांना व्हील बेअरिंगचं ग्रीस भरून गाडी परत दिली होती, आणि ते वितळून पॅडवर उतरलं होतं.